हाडांची काडे होऊ नयेत म्हणून

आपल्या भाषेने हाडांना मोठा मान दिला आहे. जो मनापासून शिकवतो तो हाडाचा शिक्षक, जो मातीशी इमान राखतो तो हाडाचा शेतकरी. आणि जिने पोटाला चिमटा घेऊन मुले वाढवली, त्या आईबद्दल आपण म्हणतो, तिने हाडांची काडे केली. बोलताना हे शब्द सहज येतात. पण हाडांचे शास्त्र थोडे समजून घेतले, की हा शेवटचा वाक्प्रचार कित्येक घरांत अक्षरशः खरा होत असतो हे लक्षात येते. म्हणून या वेळी आपण हाडांविषयी बोलू.

बहुतेकांना हाड म्हणजे कोरडी, पांढरी, निर्जीव वस्तू वाटते. कारण आपण ते पाहतो ते शाळेच्या प्रयोगशाळेत तारेला टांगलेल्या सांगाड्यात किंवा एक्स-रेच्या काळ्या फिल्मवर. पण जिवंत माणसाच्या शरीरातले हाड जिवंतच असते. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात, पेशी असतात. म्हणून तर मोडल्यावर ते दुखते, आणि म्हणूनच ते पुन्हा सांधतेही.

लोखंड आणि सिमेंट

हाड दोन गोष्टींनी बनते. एक म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे चिवट धागे, आणि दुसरी म्हणजे त्या धाग्यांवर बसलेले कॅल्शियम व फॉस्फरसचे कठीण स्फटिक. घर बांधताना स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या आणि सिमेंट असते ना, तसेच हे. नुसते सिमेंट वाकवले तर तुटते, नुसत्या सळ्या भार पेलत नाहीत. दोन्ही मिळून स्लॅब पक्का होतो.

मुलांना हे दाखवायचे असेल तर मांसाहारी घरात एक सोपा प्रयोग करता येईल. कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ करून काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवडाभरात ते हाड रबरासारखे वाकू लागेल. आम्लात कॅल्शियम विरघळून गेले, मागे उरले ते फक्त धागे. याउलट हाड विस्तवात जाळले, तर धागे जळून जातात आणि उरलेला पांढरा भाग बोटाने दाबला तरी चुरतो. म्हणजे कॅल्शियम जितके महत्त्वाचे, तितकेच प्रथिनही. ‘हाडांसाठी कॅल्शियम’ एवढेच पाठ करणाऱ्यांनी हे विसरू नये.

तीनशेचे दोनशे सहा

जन्मलेल्या बाळाच्या शरीरात साधारण २७० ते ३०० हाडे असतात, मोठ्या माणसात २०६. मग बाकीची जातात कुठे? ती जात नाहीत, एकमेकांना जुळतात. बाळाच्या डोक्यावर आपण तेल घालतो ती टाळू म्हणजे कवटीच्या न जुळलेल्या हाडांमधली मोकळी जागा. साधारण दीड वर्षाच्या सुमारास ती भरून येते. माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाडही पाच वेगवेगळे मणके जुळून एक झालेले असते.

या २०६ पैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे १०६ हाडे, फक्त दोन्ही हात आणि दोन्ही पाय यांच्या पंजांत असतात. प्रत्येक हाताच्या पंजात मनगटासकट २७, प्रत्येक पावलात घोट्यासकट २६. सुईत दोरा ओवणे, तबल्यावर बोट फिरवणे, चढणीवर पाय रोवणे ही सारी त्यांची करामत. सर्वांत लांब हाड मांडीचे. सर्वांत लहान हाड कानाच्या आत, रिकिबीच्या आकाराचे, जेमतेम तीन मिलिमीटरचे. तेवढ्याशा हाडाच्या थरथरण्यातून आपल्यापर्यंत आवाज पोहोचतो.

मुलांची उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्यांमुळे. मुलींमध्ये साधारण चौदा ते सोळा आणि मुलांमध्ये सोळा ते अठरा-एकोणीस या वयात या पट्ट्यांचे हाड होते आणि उंची थांबते. मनगटाच्या एक्स-रेमध्ये त्या दिसतात. त्यावरूनच सोळा वर्षांखालील क्रिकेटच्या सामन्यांसाठी मुलांचे वय पडताळले जाते. एकदा या पट्ट्या बंद झाल्या की कोणतीही पावडर, कोणतेही टॉनिक उंची वाढवू शकत नाही. जाहिराती पाहून पैसे घालवण्याआधी एवढे ध्यानात ठेवावे.

रोज चालणारी डागडुजी

आता हाडांच्या कारभारातली सर्वांत नवलाची गोष्ट. जुन्या वाड्याची देखभाल करणारा जाणता मालक जसा सगळा वाडा एकदम पाडत नाही, आज एक खण उकलतो, तो नव्याने बांधतो, मग पुढच्याला हात लावतो, तसेच शरीर हाडांचे करते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड पोखरून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवे हाड रचतात. आणि हाडातच कायम वस्तीला असलेल्या तिसऱ्या पेशी कुठे ताण पडतो आहे, कुठे बारीक तडा गेला आहे याची वर्दी देतात. अशा रीतीने मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी नवा होतो.

हे बांधकाम आंधळेपणाने होत नाही. १८६६ साली झुरिकमध्ये कार्ल कुलमान या अभियंत्याने मांडीच्या हाडाचे उभे कापलेले टोक पाहिले. आतल्या जाळीतल्या रेषा पाहून तो चकित झाला. यारीवर ओझे आले की तिच्या आत ताणाच्या ज्या रेषा तो कागदावर काढत असे, जवळपास तशाच रेषांत हाडाची जाळी विणलेली होती. पुढे १८९२ मध्ये जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी नियम मांडला, की हाडावर जसा भार पडतो तसे ते घडते.

टेनिस खेळाडूचा रॅकेट धरणारा हात म्हणूनच दुसऱ्या हातापेक्षा जाड हाडाचा असतो. उलट, अंतराळात वजनच जाणवत नाही, तेव्हा अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का झिजते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हाडांचेही तेच होते. ज्याला काम नाही ते हाड शरीर सांभाळत बसत नाही.

घरातली तिजोरी

हाडे केवळ खांब नाहीत, ती तिजोरीही आहेत. आपल्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते, त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेला एक टक्का रक्तात आणि इतर पेशींत. पण हा एक टक्का फार मोलाचा. हृदयाचा ठोका, स्नायूंचे आकुंचन, रक्त गोठणे ही सारी कामे त्यावर चालतात. म्हणून रक्तातले कॅल्शियम कमी होऊ लागले, की गळ्यातल्या थायरॉइडच्या मागे असलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी तत्काळ हुकूम सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम काढले जाते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आहारात वर्षानुवर्षे कॅल्शियम कमी पडत असले, तरी रक्ताच्या तपासणीत ते बहुधा ठीकच दिसते. कारण तूट हाडांतून भरून निघत असते. घरखर्चाला पैसे कमी पडत नाहीत असे वाटावे आणि पाठीमागे दागिने एकेक करून मोडले जावेत, तसा हा प्रकार. दुखत नाही, खुपत नाही, कोणाला कळतही नाही.

याच तिजोरीच्या आतल्या दालनात अस्थिमज्जा असते. पाठीचे मणके, छातीचे हाड, बरगड्या, कंबरेची हाडे यांच्या आतल्या लाल मज्जेत दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या रक्तपेशी तयार होतात. तुम्ही हे वाक्य वाचून संपवेपर्यंत कित्येक लाख झाल्या असतील.

नाशिकचा धडा

खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून रक्तात येण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते, आणि ते मुख्यतः उन्हामुळे त्वचेत तयार होते. हे कळायला जगाला बराच काळ लागला. लहान मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकवणारा मुडदूस युरोपच्या धुरकट शहरांत घरोघर होता. थिओबाल्ड पाम या वैद्यकीय मिशनऱ्याने १८९० साली निरनिराळ्या देशांतून माहिती गोळा करून दाखवले, की जिथे ऊन भरपूर तिथे मुडदूस कमी. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने मुडदूस झालेली मुले बरी केली.

त्या काळात आपल्या नाशिक भागातही एक महत्त्वाची पाहणी झाली. हचिसन आणि शाह या दोघांनी १९२२ साली ती प्रसिद्ध केली. त्यांना आढळले ते उलटेच. खाऊनपिऊन सुखी, पण बायका-मुले पडद्यात, अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या घरांत मुडदूस दिसत होता. आणि साध्या, अपुऱ्या अन्नावर राहणाऱ्या, पण दिवसभर उघड्यावर वावरणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो जवळजवळ नव्हता. दूध-तूप जे देऊ शकले नाही, ते उन्हाने दिले होते.

शंभर वर्षांनंतर पडदा जाऊन फ्लॅट आले, पण अंधार तोच. उंच इमारतीत राहणारी, सकाळी बसने शाळेत जाणारी, संध्याकाळी शिकवणीला आणि रात्री मोबाइलसमोर बसणारी मुले. दिवसभर स्वयंपाकघरात किंवा ऑफिसच्या दिव्याखाली असणारी त्यांची आई. एवढ्या उन्हाच्या देशात ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते ती यामुळे. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही, कारण लागणारे किरण काच अडवते. कोवळे ऊन सुखद असते, पण त्यातही ते किरण फार थोडे. सकाळी दहानंतर हातपाय-चेहरा उघडे ठेवून आठवड्यातून काही वेळा पंधरा-वीस मिनिटे उन्हात काढली, तर पुष्कळ फरक पडतो. सावळ्या त्वचेला थोडा जास्त वेळ लागतो. भर उन्हाळ्यात मात्र त्वचा भाजेपर्यंत थांबू नये.

औषधाच्या दुकानात ‘ड’ जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या मिळतात. त्या बहुधा आठवड्यातून एक, ठरावीक आठवडे घ्यायच्या असतात. शेजारणीला गुण आला म्हणून रोज घेणे धोक्याचे आहे. रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच घ्यावे.

आईची हाडे

आता पुन्हा त्या वाक्प्रचाराकडे वळू. गर्भातले बाळ जन्मापर्यंत साधारण तीस ग्रॅम कॅल्शियम आईकडून घेते. जन्मानंतर अंगावरच्या दुधातून रोज दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम जाते. बाळ पीत असताना पहिल्या सहा महिन्यांत आईच्या हाडांतून तीन ते दहा टक्के खनिज निघून जाऊ शकते. हे निसर्गाने ठरवलेले कर्ज आहे. दूध तोडल्यावर वर्षभरात शरीर ते बहुतांशी फेडते, म्हणून कोणत्याही आईने बाळाला पाजायला कचरू नये. पण फेडायला हाती काही असावे लागते. पाळण्यामागून पाळणा हलला आणि ताटात उरलेसुरलेच आले, तर कर्ज फिटणार कशातून?

आपल्या घरांतली पद्धत आठवून पाहा. दुधाचा पेला आधी मुलाला, मग नवऱ्याला, मग चहाला. मुलीला ‘तुला कशाला एवढे दूध’ म्हणणाऱ्या घरी आजही कमी नाहीत. आणि हाडांची पुंजी साठते ती नेमकी याच वयात. अठरा-वीस वर्षांपर्यंत सुमारे नव्वद टक्के हाड तयार झालेले असते. तिशीच्या आसपास साठा सर्वांत जास्त असतो. त्यानंतर हळूहळू उतरण. पाळी थांबल्यावर हाड राखणारे स्त्री-संप्रेरक आटते आणि पुढची काही वर्षे दर वर्षी दोन-तीन टक्के हाड झिजू शकते. भारतीय स्त्रियांची पाळी पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधीच थांबते, म्हणजे ही उतरणही लवकर सुरू होते.

तिजोरी भरलेली असेल, तर झीज सोसवते. रिकामी असेल, तर हाड वाळवी लागलेल्या लाकडासारखे आतून पोकळ होते. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. साठीच्या बाईला पोक येते, उंची दोन-तीन इंच कमी होते, आणि घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ ते नुसते वय नसते. आतले मणके एकेक करून दबलेले असतात.

आजी पडतात तेव्हा

यात सर्वांत मोठा घाव खुब्याचा. रात्री बाथरूमला जाताना आजी घसरतात, खुब्याचे हाड मोडते. ‘या वयात ऑपरेशन कशाला, पडून राहू दे’ असे म्हणणारे हितचिंतक लगेच जमतात. पण पडून राहणे हेच इथे सर्वांत घातक असते. अंथरुणाला खिळल्यावर न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्त साकळते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक तरी वर्षभरात दगावतो, असा जगभरचा अनुभव आहे. प्रकृती तपासून शक्य तितक्या लवकर, जमल्यास एक-दोन दिवसांत, शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा उभे करणे हाच बहुतेकांसाठी चांगला मार्ग. ऐंशीव्या वर्षीही हाड सांधते.

सांधण्याची रीत सगळ्या हाडांची एकच. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते, दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ सांधा तयार होतो, मग त्याचे कठीण हाड होते, आणि पुढे कित्येक महिने ते घासूनपुसून मूळ आकारात आणले जाते. मनगटाला पाच-सहा आठवडे पुरतात; नडगीला किंवा मांडीला तीन-चार महिने लागतात. लहान मुलांचे हाड ओल्या फांदीसारखे वाकून अर्धवट तुटते आणि लवकर जुळते.

हाड जुळते ते शरीराच्या गुणाने. डॉक्टर फक्त ते सरळ आणि स्थिर ठेवतो. म्हणूनच हाडवैद्याकडेही पुष्कळांची हाडे जुळतात. पण एक्स-रे न काढता बसवलेले हाड वाकडे जुळू शकते, आणि करकचून बांधलेल्या कामट्यांनी रक्त अडून हात कायमचा निकामी झाल्याची उदाहरणे हाडांच्या डॉक्टरांना नवी नाहीत. पट्टी कोणीही बांधलेली असो, बोटे गार पडली, निळी झाली, बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेल्या, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

पाण्यातला शत्रू

आणखी एका धोक्याचा उल्लेख करायला हवा. काही भागांत खोल विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. ते वर्षानुवर्षे हाडांत साठते. एक्स-रेमध्ये हाड घट्ट दिसते, पण माणूस ताठरतो, मान वळत नाही, पाठ वाकत नाही. आपल्या देशातला हा विकार १९३७ साली नेल्लोर भागातून प्रथम जगापुढे आला. तेलंगणातील नलगोंडा जिल्हा यासाठीच ओळखला गेला. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांनाही याची झळ पोहोचली आहे. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची स्वस्त पद्धत शोधली, तिला नलगोंडा पद्धतच म्हणतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटल्याने वाढते. गावात अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग असतील, तर पाणी तपासून घ्यावे.

घरात काय करावे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे; बाळाला पाजणाऱ्या आणि पाळी थांबलेल्या स्त्रीला १२००. अर्धा लिटर दूध किंवा तेवढेच दही, यातून सहाशेच्या आसपास मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे असते. म्हणजे नाचणीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची किंवा राजगिऱ्याची भाजी, मूठभर तिळाची चटणी, मिळत असतील तर काट्यासकट खाता येणारे छोटे मासे, यांनी उरलेला हिशेब जुळतो. पालक या कामी फारसा उपयोगी नाही, त्यातले कॅल्शियम शरीराला नीट घेता येत नाही. आणि डाळी, उसळी, अंडी यांतून प्रथिन हवेच. सिमेंटबरोबर सळ्याही लागतात.

हाडांना भार हवा. भराभर चालणे, जिने चढणे, दोरीवरच्या उड्या, फुगडी, लंगडी, खोखो हे सगळे हाडांचे खाद्य. तंबाखू आणि दारू हाडांच्या वैरी आहेत. दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर हाडांची तपासणी करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे; गोळ्या मनाने बंद करू नयेत. पासष्टी ओलांडलेल्या स्त्रीने, किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडलेल्या कोणीही, हाडांची घनता मोजून घ्यावी. झीज रोखणारी चांगली औषधे आता मिळतात.

घरात वडीलधारी माणसे असतील, तर या रविवारी तासभर काढा. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, फरशीवरचे शेवाळ घासून काढा, रात्री पलंगापासून मोरीपर्यंत एक लहान दिवा जळत ठेवा, पायात अडकणारे पायपुसणे उचला, झिजलेल्या चपला टाकून द्या. खर्च फार नाही. खुब्याच्या एका शस्त्रक्रियेपेक्षा नक्कीच कमी.

आणि उद्या सकाळी दूध तापवाल तेव्हा पेले मोजा. मुलीचा पेला मुलाच्या पेल्याएवढाच भरा. मग एक पेला आणखी काढा, तो घरच्या आईसाठी. ‘मला नको, मला सवय नाही’ असे ती म्हणेल. तिला तो समोर बसून प्यायला लावा.